टिपायचं, पुसायचं नाही

"बेटा, सोख्ता है?"

भोपाळच्या साकेत नगरातल्या स्टेशनरीच्या दुकानात मी असं विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या मांडणीकडे. दुकानात एम्सची पोरं झेरॉक्ससाठी दाटीवाटीने उभी होती. "टिश्यू?" त्याने विचारलं. नाही. "बटर पेपर?" तेही नाही. "सोख्ता. ब्लॉटिंग पेपर." आता त्याचा चेहरा उजळला. दोरीला लटकवलेलं विड्याच्या पानाएवढं एक पाकीट तोडून त्याने माझ्यासमोर टाकलं. त्यावर तुकतुकीत गालांच्या मुलीचं चित्र होतं. चेहऱ्यावरचं तेल टिपायचे कागद.

मी ते पाकीट परत केलं आणि घरी आले. माझ्या जेवणाच्या टेबलावर ओल्या कागदांची एक थैली वाट पाहत होती, आणि तिच्याजवळ फार वेळ नव्हता.

आमच्या गल्लीत पोळ्या करायला येते तिला मी भाभी म्हणते. साठीच्या आसपासची आहे. आता बाग सेवनियाला राहते, पण लहानपण गेलं ते काझी कॅम्पात, म्हणजे भोपाळच्या वायुगळतीतल्या गॅसच्या अगदी वाटेवर. आदल्या रात्रीच्या पावसात तिच्या घराचा पत्रा उडाला आणि पलंगाखालची ट्रंक पाण्यात बसली. ट्रंकेत घरातले सगळे कागद. ती मला म्हणाली, "दीदी, आप तो कागज़ का काम करती थीं ना?"

करत होते. तेहतीस वर्षं. सरकारी भाषेत माझ्या पदाचं नाव होतं मेंडर. फाटकं सांधणारी. जुन्या महसुली कागदांच्या दफ्तरखान्यात आम्ही चौघं एका लांब टेबलाभोवती बसायचो. टेबलावर पाण्याचे ट्रे, मैद्याची खळ, मऊ ब्रश, जपानी टिश्यूचे ताव, शिफॉनचे तुकडे आणि टीपकागद. बाकी सगळं कमी-जास्त चालायचं, टीपकागद संपला की काम थांबायचं. 1998 च्या सुमारास स्टेशनरीच्या मागणीपत्रावर वरून शेरा आला होता की हल्ली सगळे बॉलपेन वापरतात, तेव्हा एवढा सोख्ता कशाला लागतो. आमच्या साहेबांनी नोटशीटवर तीन पानी उत्तर लिहिलं. ते बॉलपेनने लिहिलं होतं, म्हणून मागणी निम्मी कापली गेली.

लोकांना वाटतं टीपकागद हा फाउंटन पेनचा धाकटा भाऊ आहे आणि पेनाबरोबर तो गेला. आमच्या कामात त्याचा शाईशी संबंध दुय्यम होता. मुख्य संबंध पाण्याशी.

कागद म्हणजे तंतूंची दाबून बसवलेली गादी. लिहायच्या कागदाला गिरणीत खळ देतात, पूर्वी बहुतेक राळ आणि तुरटीची, म्हणजे शाई तंतूंमध्ये पसरत नाही, जागच्या जागी बसते. ही खळ दिलीच नाही तर तंतूंमधल्या सगळ्या फटी तहानलेल्या राहतात. तो टीपकागद. वातीत तेल जसं आपोआप वर चढतं, तसंच पाणी त्याच्यात शिरतं. इंग्लंडात बर्कशरच्या एका गिरणीत कामगार खळ घालायला विसरले आणि टीपकागद जन्मला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण 1519 मध्ये छापलेल्या विल्यम हॉर्मनच्या लॅटिन पाठ्यपुस्तकातसुद्धा ओलं लिखाण सुकवणाऱ्या या कागदाचा उल्लेख आहे. विसराळू कामगार त्याही आधीचे असतील तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे मात्र टीपकागद येण्याआधी वाळू होती. त्याला कारण आपला कागद. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होई तसा हातकागद खळ देऊन, दगडाने किंवा कवडीने घोटून गुळगुळीत करत. बोरू त्यावर सुळकन पळतो, पण शाई वरच राहते आणि लवकर वाळत नाही. म्हणून लिहून झालं की बारीक वाळू भुरभुरवायची आणि कागद झटकायचा. होळकर-शिंद्यांच्या मुलखातली एखादी मोडी चिठ्ठी आमच्या गठ्ठ्यांत चुकून आलेली असे. ती उलगडताना घडीतून अजून चार कण टेबलावर पडत. एखादा अभ्रकाचा असला तर चमके. मी ते कण ब्रशने गोळा करून कागदाच्या पुडीत घालून त्याच चिठ्ठीबरोबर ठेवत असे. उस्तादांनी शिकवलं होतं की कागदातून जे निघेल ते कागदाचंच, आपलं नाही.

उस्ताद म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने मेंडर, जुन्या भोपाळचे. भोपाळच्या कचेरीची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली ती सिकंदर बेगमांच्या काळात. उस्तादांना दोन्ही वाचता यायच्या. मला मोडी येत होती, आजोबांच्या कृपेने. आमच्या दोघांत एक खेळ होता, एकाच वस्तूला तुमच्याकडे काय म्हणतात आणि आमच्याकडे काय. मी "टीपकागद" म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, टीप म्हणजे काय?

मग मी सांगायला बसले आणि माझीच मला गंमत वाटू लागली. पाखरू दाणे टिपतं. पदराने डोळे टिपतात. नेमबाज लक्ष्य टिपतो, फोटोवाला प्रसंग टिपतो. सभेत कारकून मुद्दे टिपून घेतो, त्याचं होतं टिपण. आणि ओली शाई टिपतो तो टीपकागद. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नेमकं तेवढंच उचलायचं, आजूबाजूला धक्का लावायचा नाही. पाखरू दाणा उचलतं, अंगण उचलत नाही.

उस्ताद हसले. म्हणाले, आमचा सोख्ता जरा दुःखी आहे. हिंदीत सोखना म्हणजे शोषून घेणं, त्यामुळे सगळे समजतात की सोख्ता त्यातूनच आला. पण फारसीत सोख्ता म्हणजे जळलेला. शायरीत आशिकाचं काळीज सोख्ता असतं. कागद भाजलेल्या काळजासारखा, पडेल तो थेंब पिऊन टाकतो.

तेव्हा मी ते शायराचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पुढे कामाने दाखवलं की शाई खरोखरच कागद जाळते. जुन्या शाया मुख्यतः दोन जातींच्या. एक काजळाची, डिंकात खललेली. ती शंभर-दोनशे वर्षं काळीभोर राहते, उन्हाने उडत नाही, पण तिचा जीव डिंकात असतो. पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर वाहून जातं. दुसरी माजूफळ किंवा हिरडा आणि हिराकस यांची. ती कागदात शिरून बसते, पाण्याला सहसा दाद देत नाही, पण तिच्यात आम्ल असतं. वर्षं गेली की अक्षर तपकिरी होतं, मग त्याखालचा कागद कडकडीत होतो, आणि शेवटी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. एक दस्त मी खिडकीसमोर धरला होता, तर त्याच्या शेवटच्या ओळीतून बाहेरचं लिंबाचं झाड दिसलं. सही होती तिथे आरपार उजेड. सोख्ता, अगदी शब्दशः.

म्हणून कुठलाही कागद पाण्यात घालण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची. ही परीक्षा मी हजारो वेळा घेतली असेन आणि अजून डोळे मिटून सांगू शकते. काचेच्या काडीने टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब अक्षराच्या शेपटीवर ठेवायचा. त्यावर नखाएवढा टीपकागदाचा तुकडा. वर बोट ठेवायचं, फक्त ठेवायचं, सरकवायचं नाही. दहा आकडे मोजायचे. मग तुकडा सरळ वर उचलायचा आणि उलटा करून पाहायचा. पांढरा असेल तर शाई पक्की. करडा ढग उमटला असेल तर हा कागद पाण्यात जाणार नाही, त्याला दुसरा इलाज. कागदावर असलेल्या प्रत्येक शाईची, प्रत्येक शिक्क्याची वेगळी परीक्षा. एका अर्जावर कधीकधी पाच हात आणि तीन शिक्के असायचे. तेवढ्यात सकाळ जायची.

नव्या मुलांना बोट "ठेवणं" जमायला महिना लागतो. सगळ्यांचा हात आधी पुसायला जातो. शाई सांडली की माणूस पुसतो, तो लहानपणापासूनचा हात असतो. पुसलं की डाग मोठा होतो, अक्षर ओघळतं, ओला कागद भुगा होऊन बोटाला येतो. टिपलं की जास्तीचं तेवढं निघतं आणि अक्षर जागेवर राहतं. आमच्या टेबलाचं सगळं शास्त्र या दोन क्रियापदांमध्ये होतं.

मी स्वतः ते कसं शिकले तेही सांगते.

1981 चा पावसाळा. नोकरीला सहा महिने झालेले. दफ्तरखान्याच्या छतातून रात्रभर पाणी गळलं आणि एका मांडणीवरचे कागदांचे बस्ते भिजले. उस्ताद सुट्टीवर. पांढरा टीपकागद संपलेला. मी हुशारी केली आणि स्टेशनरीच्या कपाटातून गुलाबी टीपकागदाची रीम काढून आणली. शाळेत आपण सगळ्यांनी वापरलेला तोच गुलाबी. लाल चिंध्यांचा रंग पुरता निघत नसे, त्यांचा पांढरा कागद होत नसे, म्हणून त्यांचा टीपकागद करत आणि तो गुलाबी व्हायचा, असं म्हणतात. पुढे रंग घालूनच गुलाबी करायला लागले. मी प्रत्येक ओल्या पानामध्ये एकेक गुलाबी ताव घातला, वर फळी, फळीवर वजनं, आणि समाधानाने घरी गेले.

सकाळी फळी उचलली तर सत्तेचाळीस पानांना गुलाबी ढग. पाणी टीपकागदात गेलं होतं हे खरं, पण जाताना त्याचा रंग सोडवून परत पानांत आलं होतं. जमाबंदीच्या एका रजिस्टराची होळी झाली होती.

उस्ताद परत आले. मी रडवेली उभी. त्यांनी एक शब्द न बोलता कोरा गुलाबी ताव घेतला, बोट जिभेला लावलं, तावाच्या कोपऱ्यावर दाबलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. बोट गुलाबी. "पहले इसका इम्तिहान लेते हैं, बेटी. फिर काग़ज़ का." एवढंच.

थोडा रंग आम्ही पुढच्या आठवड्यात धुऊन काढला, थोडा राहिला. मग त्यांनी दुरुस्तीची वही माझ्यासमोर सरकवली आणि लिहायला लावलं. रजिस्टर अमुक, पानं सत्तेचाळीस, गुलाबी डाग, दुरुस्ती करताना लागला, तारीख, माझी आद्याक्षरं. मला वाटलं हे शिक्षा म्हणून. पुढे दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराच्या छोट्या अभ्यासक्रमाला गेले तेव्हा कळलं की जगभर हीच रीत आहे. कागदाला आपण जे काही केलं ते नोंदवून ठेवायचं, चूकसुद्धा, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या गुलाबी डागावर प्रबंध लिहील. टिपणे या शब्दाचे दोन अर्थ त्या दिवशी माझ्यासाठी एकत्र आले. पाणी टिपायचं आणि मग आपण काय केलं तेही टिपायचं.

त्याच अभ्यासक्रमात मी सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फॉइल ॲसिटोनने कागदावर बसवायला शिकले. यंत्राशिवाय हाताने लॅमिनेशन करायची ही रीत आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारातच घडलेली. आम्ही ती वर्षानुवर्षं अभिमानाने वापरली. पुढे जगभरच मत बदललं. जे कागदावरून नीट काढता येत नाही ते लावू नये, असं ठरलं. टीपकागदाबद्दल मात्र मत बदलायची वेळ कुणावर आली नाही. तो कागदावर काही ठेवून जात नाही, फक्त घेऊन जातो. पांढरा असेल तर.

घेतो ते मात्र तो ठेवून घेतो. कारकुनांच्या टेबलावर लाकडी मुठीचा अर्धगोल ब्लॉटर असायचा, पाळण्यासारखा झुलवायचा. त्याच्यावर सगळ्या कचेरीच्या सह्या उलट्या उमटलेल्या. शेरलॉक होम्सच्या एका कथेत तो तारेचा मजकूर टीपकागदावरून वाचतो. आमच्याकडे तेवढी रहस्यं नव्हती. पण निवृत्तीच्या दिवशी मी माझ्या टेबलावरचा शेवटचा ताव आरशासमोर धरून पाहिला होता. तीन वेगवेगळ्या अक्षरांत "मंजूर", आणि एका कोपऱ्यात माझ्या चहाच्या कपाचं वर्तुळ.

नातू झाला तेव्हा दवाखान्यात नर्सने त्याच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर छापलेल्या वर्तुळांत उतरवले. कागद पाहताच मी ओळखला. खळ न दिलेला, कापसाचा, टीपकागदाच्याच घराण्यातला. रॉबर्ट गथ्री नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. बाळाचं रक्त कागदात टिपायचं, वाळवायचं आणि प्रयोगशाळेला पाठवायचं, जन्मजात दोष वेळीच कळतो. लेक म्हणाली, "आई, बाळाकडे बघ ना, कागदाकडे काय बघतेस?"

तर माझ्या टेबलावरची ती थैली. ओल्या कागदाला साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, आपल्या पावसाळ्यात त्याहून लवकर. मी सगळा ऐवज पसरला आणि आधी वाटण्या केल्या. निवृत्त होताना मी पांढऱ्या टीपकागदाचे अकरा ताव घरी आणले होते. दुकानातून काही मिळालं नाही, तेव्हा बाबांचं जुनं धुतलेलं मलमलचं धोतर काढलं आणि स्वयंपाकघरातला पांढरा टिश्यूचा रोल घेतला. जे आज होण्यासारखं नव्हतं ते पातळ पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी ठेवलं. गोठलेल्या कागदाला बुरशी धरत नाही, चार दिवस उसंत मिळते.

त्या कागदांत चाळीस वर्षं होती. 1990 पासून महिन्याला दोनशे रुपये अंतरिम मदत मिळायची, तिच्या नोंदी. दाव्याचा निकाल, बहुतेकांना मिळाले तेवढेच, पंचवीस हजार. दवाखान्याच्या चिठ्ठ्या. वडिलांच्या मृत्यूचा दाखला. बॉलपेनचं लिखाण तेलकट शाईचं, ते जवळपास शाबूत होतं. टंकलिखित प्रत ठणठणीत. फाउंटन पेनची निळी शाई आकाशासारखी पसरलेली. आणि जांभळे शिक्के, ज्यांच्यावर सगळ्या कागदांची इज्जत अवलंबून, तेच सर्वांत आधी विरघळायला निघालेले. एक कागद तिने पैसे देऊन लॅमिनेट करून घेतला होता. पाणी कडेतून आत शिरलं होतं आणि आता बाहेर पडायला वाट नव्हती. प्लास्टिकची कड कात्रीने कापून त्याला आधी श्वास दिला.

एका काळ्यापांढऱ्या फोटोत तिच्या वडिलांचा चेहरा होता. त्याला मी पाठीवर टीपकागदावर निजवला आणि चेहरा वर उघडा ठेवला. फोटोच्या तोंडावर टीपकागद ठेवायचा नसतो, जिलेटिन मऊ झालेलं असतं, चेहराच चिकटून येतो.

शिक्क्यांचे कागद मी एकेक घेतले. टीपकागद खाली, टीपकागद वर, हाताचा तळवा. दहा आकडे. सरळ उचलायचा. कोरडा तुकडा. पुन्हा दहा आकडे. भाभी पोळ्या करून आली आणि समोर बसली. तिला वाटत होतं की मी इस्त्री फिरवून मोकळी होईन. तासाभराने तिने विचारलं, "मैं पोंछ दूँ?" आणि पदर पुढे केला. मी तिचा हात धरला. मग तिच्या बोटाखाली टीपकागद ठेवून तिला दाबायला लावलं. तिचा हात पहिल्याच वेळी स्थिर राहिला. कणकेचा अंदाज असलेल्या हाताला किती दाबायचं ते सांगावं लागत नाही.

तीन दिवस लागले. एक निकाल वाचवता आला नाही असं नाही, पण त्यावरचा शिक्का फिका झाला, गोलाची वरची बाजू जेमतेम दिसते. मी एका वेगळ्या कागदावर हे सगळं लिहून दिलं. कुठला कागद, कधी भिजला, काय केलं, काय गेलं. तारीख आणि माझी सही. त्याला कायद्याने काही किंमत नाही, हेही तिला सांगितलं. सवय आहे म्हणून लिहिलं.

ती कागद घेऊन निघाली तेव्हा टेबलावर वापरलेले ताव पडले होते. मी ते वाळवून पुन्हा वापरायला ठेवणार होते. एका तावावर जांभळा शिक्का उलटा, पण मूळ कागदावरच्यापेक्षा जास्त ठळक उमटला होता. तिने तो उचलला, उजेडाकडे धरला.

"ये भी रख लूँ, दीदी? कभी माँग लिया तो?"

कोण मागणार, आणि उलट्या शिक्क्याचं काय करणार, हे तोंडावर आलं होतं. पण गेली चाळीस वर्षं तिच्याकडे कुणी ना कुणी कुठला ना कुठला कागद मागतच आलं आहे. मी ताव दुमडला नाही, गुंडाळून रबर लावून दिला. आता माझ्याकडे दहा आहेत.